ओली विणलेली पिशवी

फिलिपिन्समधल्या बालेर गावात साबुतानच्या पिशव्या आणि टोप्या विणणाऱ्या बायका पुष्कळ, पण रुफिनाच्या तोंडाला लागायची हिंमत एकीचीही नव्हती. साबुतान म्हणजे केवड्याच्याच कुळातलं काटेरी पान. काटे काढायचे, पान उकळायचं, वाळवायचं, दाबून सपाट करायचं, मग त्याच्या बारीक पट्ट्या काढायच्या. एवढं करून विणायला बसायचं ते भल्या पहाटे, नाहीतर दिवस कलल्यावर. गारव्यातच पान वळतं, भर उन्हाच्या वेळी कडाकडा तुटतं. उतावळ्या बायका मग पाण्याचा हात लावतात. पान वळतं खरं, पण ओल विणीत कोंडून राहते आणि महिन्याभरात बुरशी धरते.

रुफिना सातव्या वर्षापासून विणत होती, आता अठ्ठावन्नची होती. ओल्या हाताचं काम तिला एका नजरेत कळायचं. शेजारच्या देलियाची अशीच एक टोपी तिने चारचौघींत नाकाला लावली होती.

"टोपी विणलीस की खारवलेले मासे भरून ठेवले होतेस गं यात?"

"अते, दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं," देलिया पुटपुटली. अते म्हणजे ताई.

"डोक्यावर घालणारीला कळेल ना."

टोपी चुलीत गेली. देलिया चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी केळीच्या पानात गुंडाळलेला गोड भात घेऊन स्वतःच आली.

रुफिनाच्या पिशव्या मनिलातल्या बायकांच्या खांद्यावर मिरवायच्या आणि ती स्वतः बाजाराला प्लास्टिकची पिशवी न्यायची. घरातल्या माणसासाठी पिशवी तिने पहिल्यांदा विणायला घेतली ती मायलीनसाठी. एकुलती एक लेक दोन वर्षांच्या करारावर घरकामाला निघाली होती, वाळवंटातल्या कुठल्याशा शहरात. गुरुवारी जायचं होतं. मधल्या पहाटा रुफिनाने मोजून ठेवल्या होत्या, बरोबर पुरत होत्या. शनिवारी तिला कामावर पाठवणाऱ्या एजंटचा फोन आला, सोमवारीच निघा. या लोकांना दुसऱ्याचा दिवस म्हणजे पत्त्यातलं पान, हवं तेव्हा उचललं, हवं तेव्हा टाकलं.

"राहू दे गं इनांग," लेक आईला म्हणाली. "अर्धीच ठेव. परत आल्यावर घेईन."

"परत आल्यावर कशाला? पिशवी जाताना लागते."

रविवारी दुपारी रुफिनाने दार लोटून घेतलं, फडकं भिजवलं आणि पानावरून फिरवलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात देलिया आत आली. तिने फडक्याकडे पाहिलं, रुफिनाकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत गेली. ती बोलली असती तर रुफिनाला बरं वाटलं असतं.

दीड महिन्याने एका शुक्रवारी दुपारी मायलीनचा फोन आला. मालकीण दर शुक्रवारी दहा मिनिटं बोलू द्यायची.

"इनांग, पिशवीला वास यायला लागलाय. काळे ठिपकेही पडलेत."

"माझंच चुकलं गं," रुफिना म्हणाली. लपवायचं तिने कधीच मनात आणलं नव्हतं. "घाईत पाणी लावलं मी. पण काही बिघडत नाही. दोन दिवस कडक उन्हात टांग, जाईल सगळं."

रुफिनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना? तिकडे तर ऊन मोप असतं म्हणतात."

"मला कुठलं गं ऊन, इनांग?" मायलीन हळू आवाजात म्हणाली. "माझ्या खोलीला खिडकी नाही. आल्यापासून मी दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. किल्ली मॅडमकडे असते."

साऱ्या गावाला धाकात ठेवणारी रुफिना मनातल्या मनात माणसं मोजू लागली. कुणाकडे जायचं? एजंट महिनाभर फोन उचलत नव्हता. लेकीचा पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात होता.

"खोलीत दिवा आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मग दिव्याखाली ठेव पिशवी," ती म्हणाली, आणि स्वतःचीच तिला लाज वाटली.

पलीकडे कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

अंगणात देलिया पानांचे काटे काढत बसली होती. "काय म्हणते पोरगी?"

"पिशवीला वास येतोय म्हणते."

देलियाने मान वर केली नाही. टोमणा मारायची याहून चांगली वेळ तिला कधी मिळणार नव्हती, पण तिने तो मारला नाही. "उन्हात टांगायला सांगितलंस ना, अते?"

"सांगितलं," रुफिना म्हणाली.