मोरचुदातलं पाणी

आमच्या क्लासचे किस्से मी जमवत नाही हो. फळ्यावर एक सूत्र लिहायचं, 'काढा रेणुवस्तुमान' म्हणायचं, की किस्सा तयार!

सुकापूरला सोसायटीच्या हॉलमध्ये मी बाहेरून दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांना विज्ञान शिकवते. त्यातली दोन रत्नं म्हणजे नेरे गावचा टेम्पोवाला प्रमोद आणि खाडीकाठच्या, मासळी विकणाऱ्या शेवंताताई. बंदरावरच्या कँटीनमध्ये ताईंना कायमची नोकरी मिळणार होती, पण दहावी पास झाल्या तरच. आणि गेल्या खेपेला त्या विज्ञानातच उडाल्या होत्या.

* * *

पहिल्याच दिवशी पाण्याचं काढलं. हायड्रोजन दोन, ऑक्सिजन सोळा, झाले अठरा.

"अठरा काय?" प्रमोद.

"नुसते अठरा. हे सापेक्ष असतं, एकक नाही."

"बाई, वजनकाट्यावर नुसतं अठरा सांगितलं तर गाडी सोडनार नाय कोन!"

* * *

मग मीठ. सोडियम तेवीस, क्लोरीन साडेपस्तीस. प्रमोदने सरळ छत्तीस धरले.

"अर्ध्यासाठी कोन भांडतो?"

मागून शेवंताताई, "मी भांडते!"

* * *

कॅल्शियम हायड्रॉक्साइडला ताई कंसाबाहेरच्या दोनने फक्त हायड्रोजनला गुणायच्या. म्हटलं, यांच्या भाषेत सांगू. "ताई, कंस म्हणजे मासळीची पाटी. एका पाटीत एक पापलेट, एक बोंबील. अशा दोन पाट्या. तर एकूण?"

ताईंनी पेन खाली ठेवलं. "पापलेट नि बोंबील एका पाटीत? बाई, तुमी बाजार कुठं करता?"

* * *

परीक्षा आठवड्यावर आली, तेव्हा मोरचूद घेतलं. कॉपर सल्फेट, सोबत पाण्याचे पाच रेणू. उत्तर दोनशे साडेएकोणपन्नास. ताईंचं आलं एकशे साडेएकोणसाठ.

"ताई, पाणी राहिलं!"

"राह्यलं नाय, काढलं. बर्फ झटकल्याबिगर मी तोलत नाय. पान्याचं वजन गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं? आमच्यात नाय चालत!"

मी खडा तापवून दाखवला. निळा पांढरा पडला. पाणी त्याच्या आतच असतं, म्हणून धरायचंच, असं परोपरीने सांगितलं. ताईंनी मान डोलावली, पण चेहरा काही पटल्यासारखा नव्हता. मला खरंच धास्ती वाटत होती.

आणि पेपरात नेमकं मोरचूदच आलं!

निकाल लागेपर्यंत विचारायची माझी हिंमत झाली नाही. निकाल लागला. ताई पास! मला इतका आनंद झाला की मी हॉलमध्येच त्यांना मिठी मारली. मग हळूच विचारलं, "मोरचुदात पाणी धरलंत ना?"

"धरलं ना! तुमी सांगितलं म्हनून दोनशे साडेएकोणपन्नासच लिवलं. पन खाली एक ओळ टाकली."

"कसली?"

"आतमधी पानी हाय, घेनाऱ्यानं बघून घ्यावं!"