डबा वेगळा, पडदा वेगळा

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कपड्यांच्या कारखान्यात मापांवरून साचे काढणाऱ्या माणसालाही मास्तर म्हणतात, तसे हे मास्तर. शर्टाचा पुढा, पाठ, बाही, कॉलर, एकेक तुकडा आधी यांच्या हातून कागदावर उतरायचा आणि मग त्यावरून हजार-हजार शर्ट कापले जायचे. आपण शर्ट चढवतो आणि बटणं लावून चालू पडतो. तो आधी कुणाच्या तरी डोक्यात तुकड्यातुकड्यांनी उलगडलेला असतो, हे आपल्या गावीही नसतं.

चाळीस वर्षं हेच केल्यावर नजरेचं जे व्हायचं ते झालं. मास्तर कुणाच्या मयताला गेले तरी डोळे जमलेल्यांच्या खांद्यांवर. कुणाची शिवण उतरलीय, कुणाचा मुंढा बगलेत आवळलाय. बायको होती तेव्हा कोपर मारून म्हणायची, "रडा जरा, मापं नंतर घ्या." सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा मापं घेण्याचंही भान राहिलं नाही.

उरली एक लेक. तीही परदेशी गेली, एका मोठ्या इस्पितळाच्या औषधविभागात, गोळ्या मोजून पुड्यांवर नावं लावायच्या कामाला. जाण्याआधी तिनं बाबांना नवा कॉम्प्युटर घेऊन दिला. कारखान्यानं साचे कॉम्प्युटरवर काढायला लावून बरीच वर्षं झाली होती आणि मास्तर हल्ली घरूनच काम करायचे. लेकीनं घेतला तो ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्या पोटातच सगळं यंत्र. कॅमेरा त्यातच, आवाज त्यातच, मागून एकच वायर भिंतीत गेलेली. "बाबा, तुम्ही वायरींत अडकून पडाल, त्यापेक्षा हा बरा," असं म्हणाली होती.

दर रविवारी सकाळी नऊला ती त्या पडद्यावर उगवायची आणि तपासणी सुरू. दाढी का नाही केली? मागे दोरीवर ते काय वाळतंय? जेवलात काय? दिव्याखाली या, डोळे बघू. मास्तर वैतागायचे. पुढे सबंध आठवडा त्यांना असं कुणी काही विचारायचं नाही. कारखान्यातून यायचे ते निरोप असायचे, बाहीची लांबी अर्धा इंच वाढवा, तेही लिहून. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मंगळवारी बोललेला माणूस थेट रविवारीच बोलायचा, असंही झालेलं आहे.

आणि एका बुधवारी पडदा गेला. आधी एक हिरवी रेघ आली, मग दहा आल्या, मग सगळंच काळं झालं. आत पंखा मात्र फिरत होता.

दुरुस्तीवाल्याला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची, कारण कुठलंही यंत्र बघून तो पहिलं वाक्य एकच बोलायचा, "हे काही वाचत नाही." इथंही तेच बोलला.

"अहो, आतलं चालू आहे की," मास्तर म्हणाले. "नुसता पडदा गेलाय."

"मास्तर, एकाच कुडीत आहेत दोघं. पडदा या जातीचा आता मिळत नाही. पडदा गेला की आतलं धडधाकट असून काय उपयोग? त्यापेक्षा आता वेगवेगळं घ्या. डबा वेगळा, पडदा वेगळा. पडदा गेला तर पडदा बदला, डबा गेला तर डबा. एकाच्या मरणानं दुसरा मरायला नको."

डॉक्टरचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुन्यातली डिस्क काढून त्यानं मास्तरांची सगळी कामं नव्या डब्यात घातली. काळा डबा टेबलाखाली बसला, तो पायाशी घूं करत राहायचा. आणि पडदा काय मोठा, की शर्टाची अख्खी पाठ एका नजरेत मावायची. मास्तर खूश. दोन लहान स्पीकर आणि एक माइक डॉक्टरनं आपल्या अडगळीतून आणून जोडले. वायरींचं जंजाळ झालं, पण मास्तर त्यात अडकले नाहीत.

रविवार आला. नऊला लेक दिसली. खणखणीत दिसली, पूर्वीच्या दुपटीनं मोठी.

"बाबा, तुम्ही दिसत नाही."

"मी तर तुला बघतोय."

"कॅमेरा चालू करा ना."

तेव्हा कुठं उजाडलं. नव्या पडद्याला कॅमेराच नव्हता. तो वेगळा घ्यावा लागतो. आता हे कुणी सांगायचं? डॉक्टरला विचारलं तर म्हणे, "तुम्ही विचारलं नाहीत." ही एक जातच असते. विचारल्याशिवाय सांगायचं नाही आणि विचारलं की म्हणायचं, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.

"पुढच्या आठवड्यात आणतो," मास्तर लेकीला म्हणाले.

नाही आणला. खरं सांगायचं तर ते त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं. उन्हाळ्यात त्यांचे वरचे पुढचे चार दात काढावे लागले होते. बसवून दिलेली कवळी हिरड्यांना टोचायची म्हणून ती पेल्यात पडून असायची. दात नाहीत म्हणून खाणं नाही, आणि एकट्यासाठी मऊ काही करून घ्यायचा कंटाळा. चहात बुडवलेल्या पावावर माणूस किती दिवस काढणार? पण काढत होते. लेकीसमोर इतके दिवस तोंड मिटून, मान हलवून निभावलं होतं. आता पडदाच त्यांच्या बाजूनं झाला. दाढी केली काय, न केली काय. ती विचारायची, "जेवलात?" आणि हे बनियनवर बसून म्हणायचे, "अगदी पोटभर."

असे चार-पाच रविवार गेले. मग मास्तरांच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. लेक त्यांच्याकडे बघतच नव्हती. बघणार कुठं? तिच्या पुढ्यात एक काळा चौकोन. ती फोन कशाला तरी टेकवून ठेवायची, भांडी घासायची, कपाट आवरायची, बोलता बोलता दुसऱ्या खोलीत जायची. मास्तर तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसायचे. खुर्चीच्या गादीची शिवण उसवली होती, तीही त्यांनी बघून ठेवली.

मग एका रविवारी तिचंही चित्र आलं नाही. "बाबा, मी रस्त्यात आहे, नुसतं बोलूया." पुढच्या रविवारी घरीच होती, तरी नाही. पूर्वी अर्धा-पाऊण तास कधी जायचा कळायचं नाही. आता वीस मिनिटं व्हायची, मग बारा. एकदा तर सहा मिनिटांत "चला बाबा, ठेवते" झालं. त्या दिवशी मास्तर साडेनऊपर्यंत तसेच बसून राहिले. त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. बायको मेली, तिचं काही हातात नव्हतं. पण ही जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि आपल्याच आळसापायी, आपल्याच लपवाछपवीपायी थोडी थोडी हातातून चाललीय. उद्या महिन्यातून एकदा बोलेल. परवा वाढदिवसाला.

सोमवारी ते स्वतः दुकानात जाऊन कॅमेरा घेऊन आले. चिमटा लावून पडद्याच्या डोक्यावर बसवायचा असतो तसला.

रविवारी सहालाच उठले. घोटून दाढी केली. हिरड्या दुखल्या तरी कवळी चढवली. निळा शर्ट काढला, लेकीच्या आवडीचा, स्वतःच्या मापानं स्वतः कापलेला. आरशात बघितलं आणि थबकले. आत माणूस होता, पण तो शर्टाचा मालक वाटत नव्हता. पाहुणा आल्यासारखा कुठंतरी मधेच उभा होता.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं वरून स्वेटर घातला असता. पण मास्तरांची अक्कल मास्तरांच्या वाटेनंच जाणार. दुकानाच्या काचेत पुतळ्याला शर्ट घालतात तो कधी मागून बघितलाय? पुढून चापूनचोपून बसलेला दिसतो, आणि पाठीवर सगळं जास्तीचं कापड गोळा करून टाचण्या मारलेल्या असतात. मास्तरांनी शर्ट काढून पलंगावर पालथा घातला, पाठीच्या मधोमध चिमट धरली, वरपासून खालपर्यंत सात टाचण्या मारल्या आणि जपून अंगात चढवला. पुढून बघाल तर झकास.

नऊ वाजले. लेकीचा चौकोन काळाच होता, पण आवाज आला. "बाबा, बोला."

"आधी बघ तरी."

मास्तर हसरा चेहरा करून ताठ बसले होते. पाठ टेकायची सोय नव्हती.

"दिसतोय ना?"

"दिसताय. बाबा, उभे राहा."

"कशाला?"

"राहा ना."

उभे राहिले.

"आता वळा."

"वायर पुरायची नाही गं."

"कॅमेऱ्याची वायर तुम्हाला कुठं बांधलीय? बाबा, मागे टाचण्या लावल्यात ना? बगलेपासून सगळा शर्ट मागे ओढलाय."

शेवटी लेक कुणाची. लहानपणी यांच्याच टेबलाखाली कापडाचे तुकडे जोडत बसायची. मास्तर वळले. काही वेळ पाठमोरेच उभे राहिले, कारण तोंड दाखवण्यापेक्षा ते सोपं होतं.

"किती धरलंय?" तिनं विचारलं.

जेवलो म्हणून सांगता येतं, झोप लागते म्हणून सांगता येतं. मापात मात्र मास्तरांना खोटं बोलता येईना. "चार इंच," ते म्हणाले.

तेव्हा तिनं आपलं चित्र लावलं. डोळे लाल, नाक लाल. ती ओरडली नाही, रागावली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मी मुद्दाम विचारत नव्हते कॅमेऱ्याचं. तुम्ही दिसायचे बंद झालात ना, ते मला बरं वाटायला लागलं होतं. आधी तुम्हाला बघितलं की पुढचे दोन दिवस माझे खराब जायचे. ती खोली, ती दोरी, तुम्ही एकटे. नुसता आवाज असला की मी निघाले तेव्हा होतात तसेच तुम्ही असायचात माझ्यासाठी. म्हणून माझंही चित्र बंद केलं. आता हे बघितलं मी. आता काय करू, सांगा. व्हिसाचे कागद अडकलेत माझे, आत्ता निघाले तर परत आत घेणार नाहीत. दीड वर्ष तरी येता येत नाही मला."

मास्तरांना खूप काही म्हणायचं होतं. म्हणाले, "टाचण्या टोचतायत. बसू का?"

ती रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली. मास्तर पडद्याच्या कडेला हात लावून बसले. तिथं हात लावून तिला काही कळणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

दातांचंही मास्तरांनी सांगून टाकलं. त्या आठवड्यात तिचा रोज फोन. नुसत्या आवाजानं भागेना तिला, रोज कॅमेऱ्यापुढं बसा म्हणायची. काय खाल्लं, दाखवा. कवळी टोचते तिथं घासून आणलीत का, तोंड उघडा. मास्तरांनी खरोखरच कवळी घासून आणली, अंडी उकडायला लागले, दुधात भात कालवून खाल्ला. हवं होतं तेच मिळालं होतं, आणि ते सुखानं पोरीच्या ओरडण्याची वाट बघत बसायचे. पण बघणाऱ्याची नजर काही गेली नव्हती. सोमवारी तिच्या डोळ्यांखाली काळं दिसलं. बुधवारी कॉलर गळ्यापाशी सैल वाटली. शुक्रवारी ती कामावरच्या कपड्यांतच पलंगाच्या कडेवर बसली होती.

"काय झालं?"

"काही नाही. चूक झाली कामात. एकाच्या पुडीवर दुसऱ्याचं नाव लावलं. वेळेवर लक्षात आलं म्हणून. ताकीद मिळाली." मग म्हणाली, "झोप होत नाही ना, बाबा. डोळे मिटले की तुमची ती पाठ दिसते."

मास्तर तिची समजूत घालत राहिले, पुष्कळ बोलले. फोन ठेवल्यावर मात्र हात मांडीवर ठेवून बसले.

रविवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी टेबलाखाली वाकून कॅमेऱ्याची वायर डब्यातून काढली. वेगवेगळं असण्याचा हा एक फायदा. बाकीचं सगळं चालू राहतं.

"बाबा, दिसत नाही तुम्ही."

"अगं, काय सांगू, बिघडला तो. डॉक्टर म्हणतो, हे काही वाचत नाही."

तिला काही विचारायचं असेल तर ती आता विचारेल, म्हणून मास्तर वाट बघत राहिले.

"बरं," ती म्हणाली. "असू दे मग. घाई नका करू दुसरा आणायची."

आणि तिचंही चित्र गेलं. मग ती बोलायला लागली. नवीन शेजारीण, बंद पडलेली लिफ्ट, कामावरची एक म्हातारी जी रोज हिलाच हाक मारते. बोलता बोलता एकदा खळखळून हसली. मास्तर बनियनवर, पाठ खुर्चीला टेकून, त्या मोठ्या काळ्या पडद्याकडे बघत होते आणि अधूनमधून हुंकार देत होते. पाऊण तास झाला.

"आज छान वाटलं बोलून," ठेवताना ती म्हणाली. "तुमचा आवाज पण किती बरा येतोय."

"हो," मास्तर म्हणाले. "आता बरं आहे."