विलासचं अर्धं तोरण

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मोशीतल्या आमच्या घराचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून पाहत होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. मी जिना उतरलो, गाडी काढली, पुन्हा वर गेलो आणि कुलूप चौथ्यांदा ओढून पाहिलं. माझा सख्खा मित्र विलास झोपेतच गेला होता आणि मी कुलपाशी झटत होतो. गॅस, नळ, कुलूप, सगळं दोन-दोनदा बघायची ही खोड मला विलासच्या डाव्या हातामुळे लागली. आणि त्या हाताच्या अपघातामागचं कारण त्याला ठाऊक होतं की नाही, हे मला बावीस वर्षं कळलं नव्हतं.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही दोघं एकाच प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होतो. मी पहिल्या शिफ्टला, तो दुसरीला. त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण काम लवकर उरकावं म्हणून मी डाव्या बटणात लाकडी गुटका ठोकायचो आणि एकाच हाताने मशीन चालवायचो. पॅकिंगच्या फळीतून तो मीच तासला होता आणि कुणी पळवू नये म्हणून त्यावर पेनाने 'द' लिहिला होता, दत्ताचा. मोठा शहाणा मी! शिफ्ट संपली की तो काढून खिशात टाकायचो. एका दुपारी कंपनीची बस सुटत होती म्हणून धावलो आणि गुटका तिथेच राहिला. विलासने नेहमीप्रमाणे उजवा हात बटणावर ठेवला, डावा अजून पत्रा ओढत होता... मधलं बोट आणि अनामिका गेली. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर गेलो तर गुटका नव्हता. "घाई माझीच झाली," असं विलासने साहेबांना सांगितलं आणि चौकशी मिटली. माझी मिटली नाही. माझं अक्षर असलेला तो गुटका कुणाच्या हाती लागला असेल, या धास्तीने मला धड बसवेना.

उरलेली बोटं आखडू नयेत म्हणून डॉक्टरांनी त्याला काहीतरी बारीक काम करायला सांगितलं. वहिनी क्रोशाकाम करायच्या, त्यांचीच सुई त्याने उचलली. संत तुकाराम नगरात बाप्या माणूस दारात बसून लोकर विणतोय म्हटल्यावर लोक कशाला सोडतात? "काय विलासभाऊ, स्वेटर कुणाला?" "तुझ्या सासूला!" तो म्हणायचा आणि विणत राहायचा. जाड तार वाकवून तो कडं करायचा आणि त्यावर लोकरीची फुलं गच्च बसवून गोल तोरण बनवायचा. बुद्धपौर्णिमेला त्याच्या दारावर पाच रंगांचं, दिवाळीला माझ्या दारावर झेंडूच्या रंगाचं. दरवर्षी, न चुकता. येणारी-जाणारी माणसं कौतुक करायची आणि माझी मान खाली जायची.

लोकरीच्या लडीचा गुंडा करायला समोर लडी धरणारा माणूस लागतो. त्यासाठी तो मलाच बोलवायचा. "दोन्ही हात पुढे कर, दत्ता. दोन्ही," तो म्हणायचा आणि मी लडी ताणून धरायचो. याला माहीत आहे का? माझे पाय सारखे हलत राहायचे. "पाय हलव हवे तेवढे, राव. हात नको," म्हणून तो हसायचा.

शेवटचं भेटलो तेव्हाही लडी माझ्या हातात होती. तो आत जाऊन मुठीत काहीतरी घेऊन आला आणि त्यावर लोकर गुंडाळायला लागला. गुंड्याच्या पोटात काही टणक असलं की लोकर गुंतत नाही, असं त्याचं म्हणणं. एरवी तो घडी केलेला कागद घ्यायचा. त्या दिवशी मी अखेर तोंड उघडलं. "विलास, त्या प्रेसचं..." त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला. "...तिथं आता नवीन मशीन आलंय म्हणं," मी म्हणालो. "असं का," म्हणून तो पुन्हा लोकर गुंडाळू लागला. निघताना त्याने गुंडा, सुई आणि अर्धं तोरण पिशवीत घालून माझ्या हातात ठेवलं.

"अर्धं मी केलंय, अर्धं तू कर. घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा बरं."

"मला जमायचं न्हाई."

"मला तीन बोटांत जमलं, राव."

आठ दिवसांनी तो गेला.

कितीतरी दिवस मला त्या पिशवीला हात लावता येईना. मग एका सकाळी बसलो. विणायचं, उसवायचं, उठून गॅस बघून यायचं, पुन्हा विणायचं. माझी फुलं सैल, वेडीवाकडी. गुंडा कमी होत गेला आणि गेल्या आठवड्यात बोटांना लाकूड लागलं. शेवटचे वेढे मी ओढून काढले. 'द' पुसट झाला होता, पण वाचता येत होता.

गुटका आणि तोरण घेऊन तसाच वहिनींकडे गेलो. "वहिनी, हा माझा आहे," म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे, भाऊजी. त्या दिवशी दवाखान्यात यांच्या पँटच्या खिशात सापडला होता. कुणी यायच्या आत काढून घेतला होता म्हणे, दत्ताची नोकरी जाईल म्हणून."

"मग कधी बोलला का नाही?"

"म्हणायचे, त्याचं त्याला सांगू दे. तुम्हाला लडी धरायला बोलावलं की मला म्हणायचे, आज सांगेल बघ."

मी तिथेच बसून रडलो. वहिनींनी पाणी दिलं आणि तोरण हातात घेऊन माझा एक सुटलेला टाका नीट केला.

दिवाळीची वाट न पाहता मी ते दारावर लावलं. वरचा अर्धा भाग एकसारखा, त्याचा. खालचा माझा. खिळ्यात अडकवायला दोन्ही हात वर करावे लागले, तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "विलास, गुटका माझा होता रे."

"काय म्हणालात, काका?" समोरच्या दारातून शेजारीण म्हणाली.

मी तिलाही सांगितलं.