सात वर्षांत कुणीच आजारी नाही

रजेचं रजिस्टर ज्याच्या टेबलावर असतं, त्याच्याकडे किस्से न मागता येतात. भूमजवळच्या आमच्या सहकारी दूध केंद्रात मी बी.ए. होऊन क्लार्क म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. मागच्या सात वर्षांत एकही माणूस आजारी पडला नव्हता! लग्नं होती, जत्रा होत्या, मयतं तर विचारू नका. 'म्हैस आजारी' असंसुद्धा अकरा वेळा होतं. माणूस एकदाही नाही!

*

दुधाची फॅट तपासणारे शिवाप्पाअण्णा तापानं फणफणले, तेव्हा त्यांनी अर्जात लिहिलं, 'मावशीचं मयत.' दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच गेटवर, दुधाची किटली घेऊन!

वॉचमन दचकला. "अवो, तुमी तर काल गेलात की!"

मीही हसले. अण्णा कामावर आल्यावर विचारलं, "खरं का नाही लिहीत?"

"बाई, आजारी लिवलं की नाव कटतंय. दुष्काळ हाय. आमच्या जागंसाठी गेटाबाहेर किती उभे हायत, बघा की!"

*

मी कपाटातलं नियमांचं पुस्तक काढलं. स्वच्छ छापलेलं होतं: डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं की आजारपणाची रजा पगारी, आणि त्यावरून कुणाला काढता येत नाही. धावत मॅनेजरसाहेबांकडे गेले.

"नियम आहेच की," साहेब म्हणाले. "कुणी तशी रजा मागितली का?"

"नाही."

"मग आपण कशाला शिकवायचं?"

फोन वाजला तरी दचकणारी मी! पुस्तक गुपचूप परत कपाटात ठेवलं.

*

बॉयलरवरचे काशिनाथमामा उन्हाळाभर खोकत होते. एक दिवस टेबलापाशी आले. "ताई, चार रोज पडून ऱ्हावं म्हंतो. काय लिवू?"

साहेब मागेच उभे. माझ्या तोंडून निघालं, "लिहा... घरगुती काम."

"व्हय, पडून ऱ्हायाचं काम!" मामा हसले आणि हसता हसता खोकत सुटले.

ती रजा बिनपगारी. दोनच दिवसांत मामा परत बॉयलरवर! सोमवारी तिथंच खाली बसले, ते उठेचनात. दुधाच्या टेम्पोत घालून घरी पोचवलं.

अर्ज त्यांचा, पण रजिस्टरात 'घरगुती काम' माझ्या अक्षरात आहे. अजून.

*

त्याच दुपारी पुस्तक आणि कोरा अर्ज पिशवीत घातला, साहेबांना न विचारता एसटीत बसले. मामांचं दार लोटलेलं. आतून तोच खोकला.

"मामा! मी ऑफिसातली! रजेचं सांगायला आलेय!"

खोकला एकदम बंद. कुणी तोंडावर हात दाबावा तसा.

"मामा!"

आत कुजबुज. तिसऱ्या हाकेला दाराआडून मामींचा आवाज आला:

"ते आजारी न्हाईत, बाई! मयताला गेलेत!"