रहाटणीचे चाळीस फॉर्म

"विचारलं का त्याला?" असं म्हणत तो कानावरची पेन्सिल काढायचा. कारखान्याच्या टाइम ऑफिसात आम्ही दोघं शेजारी बसून हजेरी लिहायचो. पन्नास-पंचावन्न सालचे दिवस. पिंपरीत कारखाना नवा होता आणि कामगार आसपासच्या गावांतून चालत यायचे. कुणी खाडा केला की साहेब म्हणायचे, "आळशी लेकाचे!" हा लगेच, "विचारलं का त्याला?" साहेबांच्या तो डोक्यात जायचा. खरं सांगतो, माझ्याही.

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. नोकरी सांभाळून तो बाहेरून एम.ए.ला बसला होता. विषय अर्थशास्त्र, तेही आकडेमोडीचं. चहा पितानाही बशीशेजारी आलेखाचा कागद. कामगार कामावर का येत नाहीत, यावर त्याला प्रबंध लिहायचा होता. तो मान्य झाला की पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायची जागा ठरल्यासारखीच होती. "तिथं घंटा झाली की माणसं शिकायला येतात रे," म्हणायचा. आमच्याकडे भोंगा होता.

रविवारी फॉर्म घेऊन तो घरोघर हिंडायचा. थेरगाव त्याने पायी पालथं घातलं. लोक हुसकून लावायचे, "तुला रं काय करायचंय?" तो फॉर्मवर 'सांगत नाहीत' असं लिहायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच दारात उभा. रहाटणीचे चाळीस फॉर्म मात्र मी मागून घेतले. मैत्री दाखवायची होती आणि माझ्याकडे सायकल होती.

मी रहाटणीला गेलोच नाही. ऊन फार होतं, एवढंच कारण. ओसरीवर बसून मस्टरवरची नावं आणि खाडे उतरवले आणि कारणं मनाची घातली. ताप, पेरणी, जत्रा. एकाचे सलग अकरा दिवस दिसले, त्याच्यापुढे लिहिलं, 'घरचं लग्न'. फॉर्म बघून त्याने माझे दोन्ही हात धरले. "चाळीसच्या चाळीस बोलले? लेका, तुझ्या जिभेवर साखर आहे." मी ते कौतुक गिळलं.

प्रबंध टाइप झाला. द्यायच्या आधी दर दहा घरांतलं एक पुन्हा तपासायचं, हा त्याचा नेम. त्यात रहाटणीचं ते अकरा दिवसांचं घर निघालं. माणूस दारातच बसला होता. याने हसत विचारलं, "काय पाहुणं, लग्न कुणाचं होतं?"

"कसलं लगीन?" तो म्हणाला. "पोर गेली माझी. बारा वर्साची हुती."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने मला हे सांगितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "मी त्याच्यासमोर हसलो रे," एवढंच म्हणत राहिला.

चाळीसही फॉर्म मी घरबसल्या भरलेत, हे त्याने ओळखलं होतं. ते काढायचे तर सगळी कोष्टकं नव्याने मांडावी लागणार होती आणि मुदत चार दिवसांवर आली होती. मी म्हणालो, "राहू दे तसंच. कोण बघतंय?" त्याने तो प्रबंध दिलाच नाही. कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढच्या वर्षी तरी दे म्हणालो, तर म्हणाला, "आता कुठल्या तोंडाने जाऊ लोकांच्या दारात?" माझं नाव त्याने कुणापाशी काढलं नाही. त्याचा मला तेव्हा सुटल्यासारखा आनंद झाला. आज त्या आनंदाची किळस येते.

वर्षभराने तो खानदेशातल्या एका गिरणीत नोकरीला निघाला. निरोप समारंभात जवळचा मित्र म्हणून साहेबांनी मलाच बोलायला लावलं. मी त्याच्या सचोटीवर चांगली दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. तो गळ्यातला हार काढत होता, तेव्हा साहेबांनी त्याला विचारलं, "अहो, तुमच्या त्या एम.ए.चं काय झालं?"

"नाही जमलं."

"अभ्यास कमी पडला असेल."

"हो," तो म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो.