रॉडला लावलेलं खोबरेल

डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला एक जिम आहे, तिथे मी झाडूपोछा करते. जिम तळमजल्यावर आहे म्हणून ते काम धरलेलं. आधी चार घरची भांडी करायचे, पण गुडघे गेले आणि जिने चढणं सुटलं. माझे मालक कंपनीच्या धुराने खोकून खोकून गेले, त्याला बरीच वर्षं झाली. मुलंबाळं नाहीत. हे काम गेलं तर दुसरं मिळणार नाही, हे मला माहीत होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जिमवाले सर बोलले, "मावशी, उद्या पूजा आहे. सगळं लोखंड चकाचक करा."

आमच्या गावाला खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ, सगळं घासायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि मग हळदकुंकू. मी तेच केलं. दुपारी जिम बंद असते. वजन उचलायचे लांब रॉड एकेक करून खाली घेतले. त्यांना हाताच्या जागी पकडीसाठी जाळीसारखी खरखर असते. मला वाटलं, गंज धरलाय. तारेच्या ब्रशने घासले आणि घरून आणलेलं खोबरेल चोळलं. आरशासारखे झाले. मला बरं वाटलं.

सकाळी पूजा झाली. पोरांनी झेंडू वाहिला. एकाने प्रोटीनच्या डब्यालाही कुंकू लावलं.

"अरे, डब्याला कशाला?"

"भाई, बॉडी त्याच्यावरच आहे. लोखंड नुसतं नावाला!"

मग मानाचं पहिलं वजन उचलायचं असतं. ते एका पोरीला दिलेलं, ती स्पर्धेला जाणार होती. तिने पट्टा आवळला, खडूची भुकटी हाताला चोळली, वाकली आणि उचललं. गुडघ्यापर्यंत आलं आणि एका हातातून रॉड सुटला. एवढा आवाज झाला की समोरचा चहावाला धावत आला. पोरगी मागे बसकन पडली.

सरांनी रॉडवर बोट फिरवलं, नाकाला लावलं. "खोबरेल?"

"मावशीने रॉडची चंपी केली!" कोणीतरी बोललं. सगळे हसले. सर नाही हसले.

"कोणी आडवं पडून छातीवर घेत असतं तर? उद्यापासून येऊ नका."

खरंच होतं ते. "केलंय मी," म्हटलं, "काढून देते. मग जाते."

पोरगी उठली. "सर, मी पण हात फिरवून बघितलं नाही."

"तू गप बस."

दसऱ्याची खरेदी म्हणून पोरं पांगली. मी गरम पाणी, भांड्याचा साबण आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसले. त्या खरखरीच्या फटीफटीत तेल बसलेलं. पुसलं की सुकं वाटायचं, हात आवळला की सरकायचा. पोरगी थांबलेली. ती भुकटी लावून प्रत्येक रॉड धरून बघायची.

"हा नाही मावशी. परत."

"परत?"

"अजून सरकतोय."

किती वेळा परत झालं, मोजलं नाही. बोटांची सालं निघाली. मधे तिने दुधात तिची पावडर घुसळून दिली. "प्या, ताकद येईल." चॉकलेटचं औषध असावं तशी चव. प्यायले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

शेवटचा रॉड झाला तेव्हा चार वाजून गेलेले. सर आले. त्यांनी सगळे रॉड स्वतः धरून बघितले. एकाला तर वजन लावून उचललं.

"उद्या दसरा, सुट्टी," ते बोलले. "परवा सातला या. लादी, आरसे, बाथरूम. रॉडला हात लावायचा नाही."

"बरं."

"पुसायचे झाले तर पोरं पुसतील."

"बरं," म्हटलं, आणि बादली उचलायला गेले. बोटं मिटेनात. पोरीनेच ती मोरीत नेऊन ओतली.