दाराबाहेरच्या चपला

"हे इंजेक्शन आत्ता देऊ नका," मी सिस्टरना म्हटलं. केबिनमधून डॉक्टर सरांचा आवाज आला, "कोण म्हणतं?"

मी म्हणत होते. मी रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. इंजेक्शन थांबवायचा मला काडीचाही अधिकार नाही.

पेशंट सात वर्षांची स्वरा, पूर्णगडची. रक्ताचा कॅन्सर. उपचार मुंबईच्या हॉस्पिटलचे, पण व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाचं महिन्याचं इंजेक्शन आमच्याकडे. ते लागतंच. पण त्याने नसांना इजा होऊ शकते, पायांना तर लवकर.

दहाच मिनिटांपूर्वी कॉरिडॉरमध्ये स्वराची चप्पल पायातून निसटली. ती तशीच पुढे चालत राहिली. पत्ताच नाही! आई चप्पल उचलत म्हणाली, "नुसती आळशी झालीय, मॅडम. पाय उचलीत नाय. काल आजीचा धपाटा पन खाल्लान."

माझं डोकंच फिरलं. धपाटा खायला हवा होता आम्ही.

"दर वेळी विचारतो मी, पायाला मुंग्या येतात का," सर म्हणाले. "नाही म्हणते."

"ती सगळ्यालाच नाही म्हणते, सर. हो म्हटलं की नवी सुई, एवढं तिला कळतं."

"चालतानाही बघतो."

"अनवाणी बघता. चपला आपण दाराबाहेर काढायला लावतो."

मी चपला आत आणल्या, सरांसमोर तिच्या पायात घातल्या. चार पावलांत दोन्ही मागे राहिल्या. मग तिला टाचांवर चालायला सांगितलं. पंजे वर उचललेच जाईनात. घोट्यामागे तपासायची रबरी हातोडी मारली की एरवी पाऊल झटका देतं. तिचं हललंसुद्धा नाही.

सर म्हणाले, "डोस कमी केला आणि आजार उलटला तर? जबाबदारी तुम्ही घेणार?"

"डोस मुंबईने ठरवावा. पण त्यांना कळवलंच नाही, तर ती जबाबदारी कोणाची?"

 मी फाइलमध्ये सगळं लिहिलं, सही ठोकली, मुंबईला फोन लावून सरांच्या हातात दिला.

मुंबईने इंजेक्शन पुढे ढकललं, नंतरचा डोस कमी केला. मी पंजे लोंबू नयेत म्हणून स्प्लिंट दिले, व्यायाम सुरू केले. काही महिन्यांनी स्वरा टाचांवर भिंतीपर्यंत गेली. डावा पाय अजून थोडा मागेच आहे.

मला मेमो मिळाला: अधिकाराबाहेर वर्तन. त्याच आठवड्यात सरांनी केमोच्या फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: 'टाचांवर चालवून पाहावे.'

मुलाला विचारून 'नाही' लिहिणं, ही तपासणी नव्हे. मेमोला मी उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही.